वळिवाशी समेट

चैत्र-वैशाखात आभाळ भरून आलं की खूश होणारी माणसं मला वर्षानुवर्षं कळलीच नाहीत. मी तासगावकडचा, बेदाणा करणाऱ्या घरातला. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिल सरेपर्यंत आमचा सगळा पैसा शेडमधल्या जाळ्यांवर उघडा पसरलेला असतो. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवायचे, रॅकवर हलक्या हाताने पसरायचे आणि मग पंधरा-वीस दिवस कोरड्या वाऱ्याच्या भरवशावर बसायचं. त्या दिवसांत एक तिरपी सर शेडमध्ये घुसली की हिरवट-पिवळा माल चिकट होतो, काळवंडतो. सौद्यात व्यापारी मूठभर उचलून बघतो, न बोलता परत टाकतो आणि पुढच्या ढिगाकडे वळतो. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण काळ्या पडलेल्या मालाला त्याचा काय उपयोग?

लहानपणी ढग गडगडले की घरात जेवणं अर्धी टाकून सगळे पडदे सोडायला, ताडपत्र्या ओढायला धावायचे. पाऊस जूनमध्ये, मृगावर यावा. त्याआधी आला तो दरोडेखोर. आमच्या जतच्या पाहुण्यांचं गणित वेगळं होतं. त्यांची जिराईत जमीन, त्यामुळे मेमध्ये एक वळीव पडला तरी नांगरटीची सोय झाली म्हणून ते सुखावायचे. आम्हाला त्यांचा रागच यायचा.

हे सगळं घेऊन मी नोकरीसाठी बंगळुरूला, महादेवपुऱ्यात आलो. इथे उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमारास आभाळ काळं झालं की ऑफिसातली निम्मी माणसं काचेशी जाऊन उभी राहतात, मोबाइलवर व्हिडिओ काढतात, कुणी भजी मागवतो. मी बाहेर जाऊन दादाला फोन लावायचो.

“तिकडं काय?”

“इकडं ऊन हाय. का रं?”

“काही नाही. बघ आपलं.”

माझं हे वागणं अगदीच खुळेपणाचं नव्हतं. हवामान खात्याची उन्हाळ्यातली पत्रकं वाचली तर एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं: मराठवाड्यापासून अंतर्गत कर्नाटकातून खाली तमिळनाडूपर्यंत कमी दाबाचा पट्टा आहे. दोन बाजूंचे वारे त्या रेषेवर गाठ घेतात, समुद्रावरून आलेली वाफ तिथे साचते, दुपारपर्यंत तापलेली जमीन तिला वर ढकलते आणि संध्याकाळी ढग कोसळतो. रेषा थोडी पश्चिमेला सरकली तर तासगावच्या माथ्यावर, थोडी दक्षिणेला जोर धरला तर माझ्या. एकाच पट्ट्याखाली माझी दोन्ही घरं. त्यामुळे महादेवपुऱ्यातल्या विजेला मी तासगावची नोटीस समजत असे.

मत पालटलं ते 2024 साली. आधीच्या वर्षीचा पावसाळा वाया गेला होता. कर्नाटक सरकारने 236 पैकी 223 तालुके दुष्काळी जाहीर केले होते. आमचा भाग 2007 साली महापालिकेत आला, पण कावेरीचं पाणी मात्र इथल्या बऱ्याच वस्त्यांपर्यंत पोचलेलं नव्हतं. बोअरवेल आणि टँकर यांवर सगळा कारभार. फेब्रुवारीत बोअर आटायला लागल्या आणि टँकरवाल्यांनी तोंडाला येईल तो भाव सांगायला सुरुवात केली. शेवटी जिल्हा प्रशासनाने दर बांधून दिले: पाच किलोमीटरच्या आत 6,000 लिटरला 600 रुपये आणि 12,000 लिटरला 1,000 रुपये. मार्चमध्ये जलमंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली किंवा बागेला घातलं तर 5,000 रुपये दंड लावला. टँकर मला नवा नव्हता. दुष्काळात आमच्याकडे द्राक्षबागांना टँकरने पाणी घातलेलं मी पाहिलंय. पण घरातल्या मोरीसाठी टँकरची वाट बघत जिन्यात उभं राहणं नवं होतं.

त्यातच सोसायटीच्या बैठकीत पुनर्भरण विहिरींचा विषय निघाला. गच्चीवरचं पाणी गटारात न सोडता आवारात खोदलेल्या आडांत सोडायचं आणि जमिनीत मुरू द्यायचं. बंगळुरूत पावसाचं पाणी साठवण्याचा किंवा मुरवण्याचा कायदा 2009 पासून आहे. आमच्या इमारतीतही कागदोपत्री एक खड्डा होता, त्यात कुंड्यांची माती भरलेली. मी विरोधात बोललो. म्हणालो, एप्रिल उजाडला, पाऊस जूनमध्ये, पैसे आत्ता कशाला अडकवायचे? मतदानात हरलो.

खोदायला आले ते मण्णु वड्डर. मण्णु म्हणजे माती, तेव्हा हे आपले मातीवडारच. पिढ्यान्‌पिढ्या विहिरी खोदणारी जमात. बोअरवेलने त्यांचं काम हिरावून घेतलं होतं, पुनर्भरण विहिरींमुळे ते थोडंफार परत मिळायला लागलंय. दोघं जण होते, त्यातला वयस्कर तेवढा आत उतरायचा. तीन फुटांचा व्यास. त्यात माणूस उकिडवा बसला की टिकाव फिरवायला हातभर जागा उरते. आखूड दांड्याचा टिकाव, घमेलं, आणि वर दोर ओढायला दुसरा. वरची लाल माती भराभर निघाली. मग मुरूम लागला आणि टिकावाचा आवाज बदलला. खोली मोजायला त्याला टेप लागत नव्हता. भिंतीत पाय ठेवायला खोबण्या करत तो खाली जायचा आणि त्याच मोजत वर यायचा. वीस फूट झाल्यावर सिमेंटच्या कड्या एकावर एक उतरवल्या, सांधे मुद्दाम न लिंपता, म्हणजे पाणी बाजूंनी झिरपेल. तळाला काहीच नाही, उघडी माती.

मी त्याच्याशी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये बोलायचो. त्याचे पाहुणे सोलापूरकडे होते, त्यामुळे त्याला मराठी बऱ्यापैकी समजायचं. मी विचारलं, “अण्णा, दोन महिने रिकामाच राहणार ना हा खड्डा?” तो म्हणाला, “कशाला? भरणी आहे ना.” इथला शेतकरी पावसाची नक्षत्रं अश्विनी-भरणीपासूनच मोजायला लागतो. भरणी बरसली की सगळी धरणी पिकते, अशा अर्थाची कन्नडमध्ये म्हण आहे. आम्ही जो पाऊस हिशेबातच धरत नव्हतो, तो इथे वर्षाचा पहिला हप्ता. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य भरणीत असतो.

ते वर्ष मात्र असं होतं की त्याचं बोलणंही मला खोटं वाटावं. त्या एप्रिलमध्ये बंगळुरूच्या वेधशाळेत पावसाची नोंदच झाली नाही. असं 1983 नंतर पहिल्यांदाच घडत होतं. 26 एप्रिलला, शुक्रवारी, लोकसभेचं मतदान होतं आणि लोक डोक्यावर ओले रुमाल टाकून रांगेत उभे होते. 28 तारखेच्या रविवारी पारा 38.5 अंशांवर गेला. एप्रिलमध्ये त्याहून जास्त फक्त एकदाच, 24 एप्रिल 2016 ला, 39.2. नागपूरकर हसतील. पण समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर वसलेल्या या गावात जुन्या घरांना पंखेसुद्धा नसायचे.

त्यानंतरचा आठवडा मला चांगला आठवतो. सोमवारी, मंगळवारी कोरडी धग. बुधवारी महाराष्ट्र दिन, आमच्या मंडळींनी कार्यक्रम सकाळी लवकर उरकला. संध्याकाळी पूर्वेला, होसकोट्याच्या बाजूला, ढगांचे मनोरे दिसले आणि विरून गेले. गुरुवारी, 2 तारखेला, शहरात काही ठिकाणी सरी आल्या. आमच्याकडे आधी धुळीचा लोट आला, मग वारा, मग वीज गेली आणि रस्त्यावर रुपयाएवढे थेंब मोजून घ्यावेत इतके पडले. लोक बाल्कन्यांत आले होते. समोरच्या बांधकामावरची पोरं ओरडत होती. थेंब थांबले तसं सगळं पुन्हा कोंदट.

खरा पाऊस त्यानंतर आला. दुपारी साडेतीनला ऊन इतकं की मेट्रोच्या सिंगय्यनपाळ्य स्थानकाचा जिना उतरताना कठड्याला हात लावता येईना. चारला सावली पडली. सव्वाचारला वारा उलटा फिरला आणि अंगावर शहारा आला. पाच मिनिटांत दहा अंश उतरले असावेत, असं वाटलं. आणि मग तो कोसळला, तिरपा, आडवा, बारीक गारांसकट. मी खिशातून मोबाइल काढला, सवयीने दादाचा नंबर लावला आणि रिंग वाजता वाजता लक्षात आलं की हंगाम तर संपलाय. माल शीतगृहात गेलाय, खरड छाटणी झालीय, आणि बागेच्या नव्या फुटीला या दिवसांत पाणीच हवंय. दादाने फोन उचलून विचारलं, “पडतोय का तिकडं? आमच्याकडं पाठवून दे जरा.” आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य मी आमच्या घरातल्या माणसाच्या तोंडून ऐकलं. कदाचित तो दर मेमध्ये असंच म्हणत असेल. मी विचारलं नव्हतं कधी.

घरी पोचलो तेव्हा आडाभोवती आमच्या इमारतीतली पाच-सहा माणसं छत्र्या घेऊन वाकून उभी होती. गच्चीच्या पाइपातून आधी काळं पाणी आलं, पाच महिन्यांची धूळ, कबुतरांची घाण, गुलमोहराच्या पाकळ्या. ते वेगळ्या तोटीने बाहेर सोडलं. मग पाणी निवळलं आणि आडाकडे वळवलं. खाली पडणाऱ्या पाण्याचा आवाज घुमत होता. तास-दीड तासाने पाऊस थांबला तेव्हा आड अर्ध्याच्या वर भरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर तळाला फक्त ओल. कुणीतरी घाबरून म्हणालं, “गळती आहे का?” गळती हेच तर काम होतं.

मी हिशेबाचा माणूस. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमची गच्ची साधारण 900 चौरस मीटर. बंगळुरूत सरासरीने एप्रिलमध्ये साठेक आणि मेमध्ये शंभराहून अधिक मिलिमीटर पडतो. 160 धरले तर 1,44,000 लिटर, म्हणजे 12,000 चे बारा टँकर. सांडलवंड वजा केली तरी नऊ-दहा टँकर मृगाच्या आधीच गच्चीवर येऊन पडतात, आणि इतकी वर्षं आम्ही ते रस्त्यावर सोडत आलो. पुढे तेच पाणी आउटर रिंग रोडवर तुंबलं की मी पावसालाच शिव्या घालत असे. सप्टेंबर 2022 मध्ये एका रात्रीत 131.6 मिलिमीटर पडला तेव्हा आमच्या भागात लोकांना ट्रॅक्टरने आणि होड्यांनी बाहेर काढावं लागलं. तेव्हाही मला दोषी फक्त आभाळ दिसलं होतं. इथली तळी एकमेकांना राजकालुव्यांनी, म्हणजे मोठ्या ओढे-नाल्यांनी, जोडलेली आहेत, बेळ्ळंदूरचं पाणी वर्तूरला आणि तिथून दक्षिण पिनाकिनीला जातं, आणि आपण त्या वाटेवर भिंती घातल्यात, हे माहीत असूनही.

आडामुळे आमची आटलेली बोअर वाहायला लागली, असं काही झालेलं नाही. ती हजार फुटांच्या खाली कातळातल्या भेगांवर जगते. आडाचं पाणी वरच्या थरात राहतं आणि कदाचित शेजारच्या जुन्या विहिरीला आमच्याआधी मिळतं. मिळो. ऑक्टोबर 2024 मध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, 110 गावांसाठी रोज 775 दशलक्ष लिटरचा, आणि लगेच बैठकीत आडांच्या गाळसफाईचा खर्च कशाला, असा प्रश्न आला. त्या वेळी बाजूने बोललो तो मी.

आणि इतकं होऊनही मी वळिवाचा भक्त झालेलो नाही. मेमधल्या त्याच आठवड्यात वाऱ्याने झाडं पडली, गाड्या चेपल्या, विजेच्या तारा तुटल्या. कोलारच्या आंबेवाल्याला एखादी हलकी सर हवी असते, पण गारा नकोत, आणि आभाळ दोन्ही एकाच गाडीतून पाठवतं. मार्च महिन्यात इथे वीज चमकली की माझा जीव आजही जाळ्यांवरच्या मालात अडकतो. पोट ज्यावर भरलं त्या पिकाच्या डोळ्यांनी आभाळ बघायची सवय लवकर सुटत नाही, आणि ती पूर्ण सुटावी असंही मला वाटत नाही. फक्त हंगाम सरल्यावरही त्या डोळ्यांनी महादेवपुऱ्याचं आभाळ बघणं मी थांबवलंय.

बंगळुरूत राहणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती. गच्चीची पन्हाळी, पाइप आणि गाळणी साफ करायचं काम आपण गावाकडच्या सवयीने मेअखेरीवर ढकलतो. ते पाडवा झाल्यावर लगेच, रामनवमीच्या आत उरकून घ्या. पहिल्या सरीचं घाण पाणी बाहेर सोडायची तोटी चालते की नाही, तेही त्याच दिवशी बघा. वर्षभर बंद राहिली की ती हमखास गंजते.