बदलीवर गेलेले देव

क्योतो शहर एका दिवसात पाहू नये, असे जाणती माणसे सांगतात. सन ७९४ पासून हजार वर्षांहून अधिक काळ जी जपानची राजधानी होती, ती नगरी सकाळी नऊ ते सायंकाळी सहा अशा कचेरीच्या वेळेत उरकू पाहणे हा तिचा अपमानच होय. परंतु अर्जित रजा मोजकी, आणि सरकारची प्रवाससवलत काही जपानपर्यंत पोहोचत नाही. तेव्हा गाठीच्या पैशांना जो एक दिवस परवडला, तो आम्ही घेतला. आम्ही म्हणजे चौघे: रेल्वेतले एक स्नेही, हिशेबखात्यातले एक स्नेही, त्यांच्या पत्नी, म्हणजे आम्हां साऱ्यांच्या वहिनी, आणि प्रस्तुत लेखक. चौघांचेही बिऱ्हाड महाराष्ट्राबाहेर.

रेल्वेतल्या स्नेह्यांनी दिवसाचे वेळापत्रक आखले होते, आणि तेही मिनिटांच्या हिशेबाने. वहिनींच्या पिशवीत मेतकूट व शेंगदाण्याची चटणी होती. हिशेबखात्यातल्या स्नेह्यांच्या मनात मात्र एक न दिलेले उत्तर होते. बढती घेऊन गुवाहाटीस जावयाचे, की बढती सोडून पुण्यास जागा मागावयाची, हे त्यांना परतताच कळवावयाचे होते. त्यांची आठ वर्षांची कन्या, जी त्या वेळी नाशकास आजीपाशी राहिली होती, ती अलीकडे "आई, दही खट्टा झाला" असे बोलू लागली होती. त्या एका वाक्याने गृहस्थाची झोप उडाली होती.

स्थानकापासून चालत आम्ही प्रथम तोजी मंदिरात गेलो. तेथील पाच मजली लाकडी मनोरा सुमारे ५५ मीटर उंच आहे. जपानात एवढा उंच जुना लाकडी मनोरा दुसरा नाही. पण आमचे पाय थबकले ते व्याख्यानमंदिराच्या अंधारात. कूकाई नावाचा आचार्य ८०४ मध्ये चीनला गेला, चांगआन नगरीत प्रज्ञ नामक भारतीय भिक्षूपाशी संस्कृत शिकला, आणि परतल्यावर ८२३ मध्ये हे मंदिर त्याच्या हवाली झाले. त्याच्या कल्पनेनुसार येथे २१ मूर्तींचे मंडल मांडलेले आहे. एका टोकाशी चार मुखांची एक मूर्ती कमळावर बसली होती, आणि ते कमळ चार हंसांनी उचललेले होते.

"अहो, हा तर आपला ब्रह्मदेव!" वहिनी एकदम म्हणाल्या.

पाटीवर नाव होते 'बोन्तेन'. दुसऱ्या टोकाशी हत्तीवर आरूढ झालेले 'ताइशाकुतेन' होते. त्या हत्तीने ऐरावताची ओळख लपवली नव्हती.

"वाहन राहिले, नाव गेले," हिशेबखात्यातले स्नेही खिन्नपणे म्हणाले. "बदलीवर गेलेल्याचे असेच व्हावयाचे."

नाव गेले, हेही पुरते खरे नाही. 'बोन्तेन'मधला 'बोन' हा चिनी उच्चारातून झिजत आलेला 'ब्रह्म' होय, आणि 'ताइशाकु'मधला 'शाकु' म्हणजे आपला शक्र. हे आम्ही सांगितले; पण झिजलेल्या नावाने समाधान पावेल असा तो चेहरा नव्हता.

तेथून बसने सान्जूसान्गेन्दो गाठले. सुमारे १२० मीटर लांबीच्या त्या एकाच दालनात करुणामूर्ती कान्नोनच्या १००१ मूर्ती आहेत. बौद्ध परंपरेतला अवलोकितेश्वर तो हाच. पुढच्या ओळीत अठ्ठावीस परिवारदेवता. त्यांत नारायण आहे, महेश्वर आहे, आणि पंख पसरून बासरी वाजवणारा गरुडही आहे. मूळ मंदिर ११६४ चे. १२४९ मध्ये ते आगीत भस्मसात झाले, आणि आजची वास्तू १२६६ ची. आगीपूर्वीच्या मूर्तींपैकी आज १२४ उरल्या आहेत. बाकीच्या बहुतेक साऱ्या आगीनंतर नव्याने घडवलेल्या. रांगेपुढून चालताना जुन्या कोणत्या आणि नव्या कोणत्या, हे आम्हांस ओळखता येईना. वाचवून आणता येते ते थोडेच असते. बाकीचे जेथे आहोत तेथेच पुन्हा घडवावे लागते. हे आम्हांस त्या दालनात जितके स्पष्ट दिसले, तितके परप्रांतातल्या कोणत्याही महाराष्ट्र मंडळाच्या सभेत दिसले नव्हते.

दुपारी एका लहानशा खाणावळीत वहिनींनी जपानी भातावर मेतकूट पसरले. भिंतीवर मुलांसाठी लावलेला अक्षरांचा तक्ता होता. जपानी वर्णमाला आ, ई, ऊ, ए, ओ अशी सुरू होते आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशी चालते. हा क्रम भिक्षूंनी अभ्यासलेल्या संस्कृत वर्णमालेवरून आलेला. हिशेबखात्यातल्या स्नेह्यांनी तो तक्ता दोनदा वाचला व काही न बोलता भात संपवला.

मग वेळापत्रकाने आम्हांस कियोमिझूच्या चढावर पळवले. १६३३ मध्ये बांधलेला, खिळे न वापरता उभा केलेला तो तेरा मीटर उंचीचा लाकडी सज्जा, खाली दरीतली झाडी, आणि लांब दांड्याच्या पळ्यांनी धारेचे पाणी पिणारी माणसांची रांग. आम्हीही प्यालो, तीर्थाला देशाची सीमा नसते.

उतरताना यासाका देवस्थानाजवळ एक जुने मिठाईचे दुकान लागले. तेथे 'कान्कीदान' नावाचा पदार्थ मिळतो. जपानात गणपतीला कान्गीतेन म्हणतात व त्याची मूर्ती बहुधा झाकून ठेवतात. हा त्याचा नैवेद्य, आपल्या मोदकाचा वंशज. आत गोड डाळीचे पुरण, त्यात सात सुगंधी द्रव्ये, वर आठ चुण्या, आणि तिळाच्या तेलात तळणी. खोबरे व गूळ वाटेत कोठे तरी राहिले. चुण्या मात्र कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या घालत आले. वहिनींनी एक मुलीसाठी बांधून घेतला.

परतल्यावर हिशेबखात्यातल्या स्नेह्यांनी बढती स्वीकारली. वहिनींनी एक अट घातली: रोज रात्री तासभर मुलीचे मराठी वाचन वडिलांनी घ्यावयाचे, दोष प्रांताला आणि काम आईला, ही वाटणी बंद. अट मान्य झाली, हे आम्हांस पत्राने कळले. पत्रात आणखी एक बातमी होती. कान्कीदानाचा पहिला घास घेऊन कन्या म्हणाली होती, "आई, ह्या मोदकाला देवघराचा वास येतो."

वडिलांनी ते वाक्य दोनदा तपासले होते. त्यात एकही चूक निघाली नाही.