डांगचा वणवा

सुरतेहून सापुताऱ्यास जाताना डांगचे सागवन लागते. फाल्गुनात तेथे वाळल्या पानांचा जाड थर साचतो. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून वनवासी झाडाखालचा पाचोळा पेटवितात. वारा पडलेला असेल तर ती आग तेथेच विझते. परंतु दुपारी वारा दरीतून चढणीकडे सुटला, की ज्वाळा पुढे झुकून वरचे गवत आधीच तापवितात आणि वणवा पाहता पाहता माथा गाठतो.

त्या गरिबांना आम्ही नेहमी नावे ठेवीत असू. एका सहलीत मात्र चुलीवर पाणी न ओतताच आम्ही निघालो. संध्याकाळी मागल्या डोंगरावर तांबडी रेघ दिसली. ती आमच्याच निखाऱ्याची होती काय, हे कधीच कळले नाही. तेव्हापासून शेवटची घागर आम्ही चुलीसाठी राखून ठेवतो. नावे ठेवणे सोडले आहे.