रॉकी रिज येथील शेतघर

अमेरिकेंत प्रथम वसाहत करणाऱ्या कुटुंबांविषयीं आपल्याकडे अशी समजूत असते कीं, सरकारनें भूमि वांटली, लोक गेले आणि संपन्न झाले. १८६२ च्या कायद्यानें १६० एकर जमीन पांच वर्षें कसणारास मालकीहक्कानें मिळे, हें खरें. परंतु जमीन मिळणें निराळें आणि घर उभें राहणें निराळें. मिसूरी संस्थानांत, ओझार्कच्या डोंगराळ मुलुखांत, मॅन्सफील्ड गांवाजवळ वाइल्डर कुटुंबाचें शेतघर आहे. आम्हांस हा भेद त्याच्या इतिहासावरून विशेष कळला.

आल्मान्झो वाइल्डर व त्यांची पत्नी लॉरा हीं प्रथम डाकोटाच्या माळावर शेती करीत. १८८८ त उभयतांस घटसर्प झाला. त्यामागून आलेल्या पक्षाघातानें आल्मान्झो जन्माचे अधू झाले. १८८९ त तान्हा मुलगा गेला आणि त्याच महिन्यांत घर जळालें. वरून अवर्षण! अखेर १८९४ त सात वर्षांच्या मुलीसह कापडी छताच्या गाडींतून सुमारें ६५० मैल प्रवास करून तीं मिसूरींत आलीं.

शंभर डॉलरांची एक नोट, एवढीच पुंजी. ती लिहिण्याच्या पेटींत जपून ठेविली होती. पण जमिनीचा सौदा करण्याची वेळ आली तों नोट सांपडेना. कांहीं दिवसांनीं ती पेटीच्या फटींत गवसली. मुलीच्या लग्नाचा पैसा ज्यांनीं ट्रंकेंत जपला आहे, त्यांस ते दिवस कसे गेले असतील हें सांगणें नको.

विकत घेतली ती ४० एकर खडकाळ जमीन, आणि तींत बिनखिडक्यांची एक ओंडक्यांची झोपडी. प्रारंभीं सरपण विकून निर्वाह केला, सफरचंदाचीं झाडें लाविलीं. मध्यंतरीं कांहीं वर्षें गांवांत राहून पोट भरावें लागलें. घर मात्र शनैः शनैः वाढत गेलें: आज एक खोली, जवळ चार पैसे जमले कीं दुसरी. दहा खोल्यांचें घर पुरें झालें तें १९१३ त! जमीनही वाढून सुमारें २०० एकर झाली. लॉराबाई पांच फुटांहून ठेंगण्या; म्हणून स्वयंपाकघरांतील उभ्यानें काम करण्याचे ओटे त्यांच्या उंचीच्या बेतानें केले. गृहिणीच्या सोयीचा असा विचार आमच्या वाड्यांच्या बांधणींत कितीसा झाला, हें घरांतील स्त्रियांनींच सांगावें.

कन्या रोझ पुढें लेखिका झाली. तिनें १९२८ त आईबापांसाठीं त्याच शेतावर नव्या सोयींचें दगडी घर बांधविलें. उभयतां तेथें आठ वर्षें राहिलीं, आणि १९३६ त आपल्या जुन्या घरीं परत आलीं. लॉराबाईंचें पहिलें पुस्तक १९३२ त, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं प्रसिद्ध झालें. बालपणींच्या वसाहतींची ती कथामाला पुढें जगभर वाचली गेली.

मात्र एक गोष्ट झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. लॉराबाईंच्या वडिलांनीं कान्सासमध्यें १८६९ च्या सुमारास झोपडी बांधली, ती ओसेज नांवाच्या मूळ रहिवाशांच्या भूमींत, हक्कावांचून. मिसूरींतील मुलूखही त्याच लोकांनीं १८०८ च्या करारान्वयें सोडलेला. ज्यांचीं घरें तेथून उठलीं, त्यांच्या ओंडक्यांचा आणि चुलींचा असा इतिहास कोणीं जपला?

आल्मान्झो १९४९ त, लॉराबाई १९५७ त वारल्या. रोझ १९६८ त गेली; तिच्यामागें संतति उरली नाहीं. घर स्मारक म्हणून राखिलें आहे, आणि ते ठेंगणे ओटे पाहण्यास दुरून दुरून लोक येतात.