चाळीस एकरांची कमाई

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात ऑरेंज नावाचा एक जिल्हा आहे. संत्र्यांवरूनच त्याला हे नाव पडले. एके काळी तेथे जिकडे पाहावे तिकडे संत्र्यांच्या बागा होत्या. बागा गोऱ्या मालकांच्या, आणि फळे तोडणारे हात बहुधा मेक्सिकोतून आलेल्या मजुरांचे. गोन्सालो मेंडेझ हा त्यांपैकीच एक.

त्याचा जन्म १९१३ साली मेक्सिकोतील चिवावा प्रांतात झाला. तो काळ राज्यक्रांतीच्या धामधुमीचा होता. १९१९ साली त्याची आई मुलांना घेऊन सीमेपलीकडे गेली आणि ऑरेंज जिल्ह्यातील वेस्टमिन्स्टर या खेड्यात तिने बिऱ्हाड थाटले. गोन्सालो गावच्या शाळेत जाऊ लागला. इंग्रजीही चांगले बोलू लागला. परंतु घरची चूल पेटती ठेवायची तर कमावणारे हात हवे होते. पाचवीच्या सुमारास त्याची शाळा सुटली व तो बागेत कामाला लागला. संत्री तोडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, असे घरची माणसे पुढे कौतुकाने सांगत. तथापि कौतुक कितीही झाले, तरी मजुराची मजुरी ती मजुरीच.

१९३५ साली गोन्सालोने फेलिसितास हिच्याशी विवाह केला. ती मूळची पोर्तो रिको बेटावरची. तिचेही बालपण कापसाच्या शेतांतून राबण्यात गेले होते. दोघांनी पैशाला पैसा जोडला आणि जवळच्या सांता आना शहरात एक लहानसे उपाहारगृह उघडले. त्याचे नाव ‘ला प्रिएता’, म्हणजे ‘सावळी’. धंदा बेताचा होता, पण स्वतःचा होता. सकाळी कोणा मुकादमापुढे जाऊन उभे राहायला नको, ही गोष्ट दोघांनाही नवी होती.

गोन्सालोच्या मनातून मात्र शेती गेली नव्हती. ती संधी त्याला फार विचित्र वाटेने मिळाली. १९४१ च्या डिसेंबरात जपानने अमेरिकेवर हल्ला केला. त्याचा राग तेथे राहणाऱ्या निरपराध जपानी कुटुंबांवर निघाला. सुमारे एक लाख वीस हजार माणसांना घरेदारे सोडायला लावून तारेच्या कुंपणामागील छावण्यांत ठेवण्यात आले. त्यांत वेस्टमिन्स्टरचे मुनेमित्सू कुटुंबही होते. त्यांचे चाळीस एकरांचे शेत ओसाड पडले असते व कदाचित हातचेही गेले असते. एका बँकेतील परिचिताने मध्यस्थी केली आणि मेंडेझ पतिपत्नीने ते शेत खंडाने घेतले. अ‍ॅस्परॅगस नावाची एक कोवळ्या कोंबांची भाजी असते, तिचे मोठे पीक तेथे निघे. शिवाय टोमॅटो, मिरच्या. काल जो दुसऱ्याच्या बागेत टोपली घेऊन उभा होता, तो आज मजुरांना मजुरी वाटू लागला.

एकाच्या संकटातून दुसऱ्याची भरभराट व्हावी, हे मनाला लागते. परंतु मेंडेझ कुटुंबाने त्या शेतावर कधी आपला हक्क सांगितला नाही. त्यांचा खंड मुनेमित्सूंना पोहोचत असे. युद्ध संपून ते लोक परतले, तेव्हा कराराची मुदत अजून शिल्लक होती. मेंडेझ कुटुंबाने त्यांना शेतावर राहायला जागा दिली, काम दिले, आणि दोन्ही घरची माणसे काही काळ एकाच मातीत राबली. मग शेत ज्यांचे त्यांच्या हाती गेले.

पण त्या चाळीस एकरांनी यापूर्वीच एक निराळे काम केले होते.

मेंडेझ कुटुंब शेतावर राहायला आले तेव्हा मुलांना शाळेत घालायचे होते. त्यांची आत्या सोलेदाद आपली व भावाची मुले बरोबर घेऊन शाळेत गेली. तिची स्वतःची मुले गोरी, आणि त्यांचे आडनावही फ्रेंच धर्तीचे. त्यांना प्रवेश मिळाला. भावाची मुले सावळी. त्यांनी मेक्सिकन मुलांच्या शाळेत जावे, असे तिला सांगण्यात आले. एकाच घरची ही मुले, सर्वांची भाषा सारखी, पण रंग पाहून दोन ओळी करण्यात आल्या! सोलेदाद संतापली आणि सगळ्याच मुलांना घेऊन घरी परतली.

ती दुसरी शाळा म्हणजे दोन खोल्यांची लाकडी इमारत. शेजारी गाईंचे कुरण. मुले डबा खायला बसली की माश्या घोंगावत. आणि जेथे प्रवेश नाकारला, तेथे? तेथे सुंदर क्रीडांगण होते, झोपाळे होते. गोन्सालोची थोरली मुलगी सिल्व्हिया तेव्हा सात-आठ वर्षांची होती. पुढे वडील न्यायालयात गेले, तेव्हा हे सारे त्या झोपाळ्यांसाठीच चालले आहे, असे तिला कितीतरी दिवस वाटत होते.

गोन्सालोने शाळेच्या अधिकाऱ्यांना विनवून पाहिले. उपयोग झाला नाही. भाजी वाहून नेणाऱ्या एका मोटारचालकाने त्याला डेव्हिड मार्कस या वकिलांचे नाव सांगितले. सॅन बर्नार्डिनो शहरातील सार्वजनिक तलावात मेक्सिकन मुलांना पोहू देत नसत. मार्कस यांनी १९४४ साली तो खटला जिंकला होता.

दावा लावायचा तर इतर पालकांची साथ हवी. येथेच खरी अडचण होती. ज्या बागमालकाकडे पोट बांधलेले, त्याच्याच मंडळींविरुद्ध साक्ष कोण देणार? बोललो तर उद्या काम जाईल, ही भीती खोटी नव्हती. गोन्सालोला मात्र कामावरून काढून टाकणारा कोणी नव्हता. तो वकिलांसह गावोगाव हिंडला. साक्षीला आल्यामुळे ज्याचा रोज बुडेल, त्याचा रोज तो पदरचा भरून देऊ लागला. ही कमाई कोठून येत होती? इकडे फेलिसितास एकटी शेत सांभाळत होती. मजुरांवर देखरेख, पिकाची विक्री, हिशेब, शिवाय तीन मुले, सारे तिच्यावर. खटल्याच्या हकीकतीत नाव नवऱ्याचे येते; पण त्या वर्षी शेत बुडाले असते, तर खटलाही बुडाला असता.

अखेर आणखी चार वडील पुढे आले. पाच हजार मुलांच्या वतीने १९४५ च्या मार्चमध्ये दावा दाखल झाला. मुलांना इंग्रजी येत नाही म्हणून निराळी शाळा, असे शाळाधिकाऱ्यांचे म्हणणे. त्यांतील एकाने तर मेक्सिकन मुले स्वच्छतेत व बुद्धीतही कमी असतात, असे न्यायालयात शपथेवर सांगितले. नंतर चौदा वर्षांची एक मेक्सिकन मुलगी साक्षीला उभी राहिली आणि स्वच्छ इंग्रजीत उत्तरे देऊ लागली. भाषेची सबब तेथेच लंगडी पडली.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी न्यायमूर्ती पॉल मॅककॉर्मिक यांनी निकाल मुलांच्या बाजूने दिला. १९४७ च्या एप्रिलमध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे राज्यपाल अर्ल वॉरेन यांनी मुलांना वेगळ्या शाळांत घालण्याची मुभा देणारे जुने कायदे रद्द केले. हेच वॉरेन पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले; काळ्या व गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा निकाल त्यांनीच वाचून दाखवला.

मेंडेझ कुटुंब सांता आनाला, आपल्या उपाहारगृहाकडे परतले. सिल्व्हिया गोऱ्या मुलांच्या शाळेत जाऊ लागली. पहिल्याच दिवशी एक मुलगा तिला म्हणाला, की तू मेक्सिकन, तुझे येथे काय काम? ती रडत घरी आली आणि उद्यापासून जाणार नाही म्हणाली. आपण न्यायालयात कशासाठी उभे होतो हे तुला ठाऊक नाही काय, असे आईने तिला विचारले. दुसऱ्या दिवशी सिल्व्हिया शाळेत गेली.

गोन्सालो १९६४ साली वारला. वय अवघे एक्कावन्न. तोपर्यंत खटल्याची आठवणही फारशी कोणाला उरली नव्हती. फेलिसितासला याची खंत होती. १९९८ साली ती गेली. त्यापूर्वी ही हकीकत लोकांना सांगण्याचे वचन तिने मुलीकडून घेतले. सिल्व्हियाने परिचारिका म्हणून नोकरी केली होती. निवृत्त झाल्यावर ती शाळाशाळांतून हिंडू लागली. २०११ साली राष्ट्राध्यक्षांनी तिच्या गळ्यात पदक घातले, तेव्हा ते आईवडिलांना मिळावयास हवे होते, या विचाराने तिला रडू आवरेना.

वेस्टमिन्स्टरमधील त्या शेतात आता अ‍ॅस्परॅगस पिकत नाही. त्या जागेवर मुलांची शाळा भरते.