तारेतून येणारी मिस्सा

वसईतल्या जुन्या घरांच्या भिंतींचे कौतुक आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आमच्या घराच्या भिंती दोन फूट जाडीच्या, चुन्यात बांधलेल्या. त्या वैशाखातले ऊन आत येऊ देत नाहीत. दुर्दैवाने त्या वायफायच्या लहरीही आत येऊ देत नाहीत. ओटीवरच्या राऊटरपर्यंत दिमाखात आलेले इंटरनेट मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर निष्प्राण होते, आणि नेमकी त्याच खोलीत आमची आई अंथरुणाला खिळून आहे.

मार्च २०२० मध्ये चर्चची दारे बंद झाली व मिस्सा पडद्यावर आली. २७ मार्चला दिवंगत पोप फ्रान्सिस पावसात भिजलेल्या, निर्मनुष्य सेंट पीटर चौकात उभे राहिले, ते आम्ही सर्वांनी घरी बसूनच पाहिले. पुढे दारे उघडली, आम्ही आपापल्या बाकांवर परतलो. आई परतू शकली नाही. असिसीच्या संत क्लारेला आजारपणात नाताळच्या रात्रीची उपासना आपल्या खोलीतूनच दिसली व ऐकू आली, अशी परंपरा आहे. म्हणूनच १९५८ साली पोप बारावे पायस यांनी तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत ठरवले. तिला भिंत आड आली नाही. आम्हाला मात्र दुकानाची वाट धरावी लागली.

तिथे मिळाला पॉवरलाइन अडॅप्टरचा जोड. एक ओटीवरच्या सॉकेटमध्ये, दुसरा आईच्या खोलीत. मधली तार घरातल्या विजेचीच. वीज ५० हर्ट्झने वाहते, तर हा संदेश त्याच तारेवरून २ मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवर स्वार होऊन जातो, त्यामुळे दोघांची गल्लत होत नाही. कल्पना सुंदर आहे. खोक्यावर ६०० मेगाबिटचा आकडा होता. आईच्या खोलीत आम्ही मोजले ते २०.

दुकानदाराने हात वर केले. त्या आकड्याचा अर्थ आम्हीच शोधून काढला. तो दोन्ही दिशांची बेरीज असतो, तीही आदर्श तारेवरची. प्रत्यक्षात दोन्ही अडॅप्टरना आळीपाळीनेच बोलावे लागते, जपमाळेत अर्धी प्रार्थना एकाने म्हणावी व उरलेली इतरांनी पूर्ण करावी तसे. शिवाय आमच्या अडॅप्टरचे केबल जोडायचे तोंडच १०० मेगाबिटचे निघाले! ६०० आत आले असते तरी बाहेर कुठून पडणार? आमच्या मते असे आकडे छापणे हे खोटे बोलण्याच्या अगदी शेजारचे आहे.

तरीही २० काही कमी नव्हेत. मिस्सेचे चित्र स्वच्छ दिसायला चार-पाच मेगाबिट पुरतात. मग दर रविवारी सकाळी, फादर पवित्र भाकर उंचावत असतानाच चित्र का गोठावे? आई डोळे मिटून घेई आणि मनानेच पुढची प्रार्थना म्हणे. नंतर मुद्रित मिस्सा लावून देतो म्हटले, तर तिला ते पटत नसे. सारा गाव ज्या घटकेला गुडघे टेकतो, त्याच घटकेला तिला तिथे असायचे होते.

कारण सापडले ते स्वयंपाकघरात. रविवारच्या मटणाचा मसाला त्याच वेळी मिक्सरमध्ये फिरत असे. मिक्सरच्या मोटारीतील कार्बन ब्रशपाशी ठिणग्या उडतात व त्यांचा गोंगाट घरभरच्या तारांत पसरतो. त्या कोलाहलात बिचारा संदेश हरवतो. हलक्या प्रतीचे चार्जर आणि काही एलईडी दिवेही हेच करतात, जरा हळू आवाजात. आईच्या उशाशी असाच एक चार्जर होता, तो हलवला. ओटीवरचा अडॅप्टर एक्स्टेन्शन बोर्डावरून काढून थेट भिंतीत लावला, कारण बोर्डातील संरक्षक फिल्टर या लहरींनाही कचरा समजून गिळतो. वेग ३५ वर गेला. मसाला आता शनिवारी रात्री वाटला जातो. ताज्या मसाल्याची चव गेल्याची कुरकुर धाकट्यांनी केली, ती कुणी मनावर घेतली नाही.

वायरमनने आणखी एक गोष्ट सांगितली. आमच्याकडे तीन फेजची जोडणी आहे. ओटी एका फेजवर आणि मागची बाजू दुसऱ्या. म्हणजे संदेश सरळ जातच नाही, एका तारेतून शेजारच्या तारेत झिरपत जातो. याला पक्का उपाय एकच, नेटवर्कची स्वतंत्र केबल. ती पावसाळ्यापूर्वी टाकायची ठरली आहे. आईने एवढेच विचारले, भोक पाडताना उशाकडचा क्रूस काढावा लागेल का? लागणार नाही. केबल वरून, वाशांच्या कडेने यायची आहे.