अर्धं गवत

आमच्या म्हसळा तालुक्यात शाळेची दिवाळीची सुट्टी आणि डोंगरावरच्या गवताची कापणी एकाच वेळेला येतात. शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका सुट्टीत माहेरी जातात, कोणी मुंबईला खरेदी करून येतात. मी ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळून, भावाचे जुने बूट घालून वरकस जमिनीवर उभी असते आणि भारे मोजत असते. गेली सहा वर्षं माझी सुट्टी अशीच जाते.

अब्बांनी जहाजावरची नोकरी सोडल्यावर तीन म्हशी घेतल्या होत्या. ते गेले तेव्हा दोह्याहून भावाचा फोन आला, "विकून टाका, अम्मीला झेपणार नाही." अम्मी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी फजरनंतर बादली घेऊन गोठ्यात जाऊन बसली. विषय तिथेच मिटला.

दूध काढणं अम्मीचं, पण वैरण कोण बघणार? एका म्हशीला दिवसाला पाच-सहा किलो सुकी वैरण लागते. दिवाळीपासून मृगापर्यंत सात महिने. तिघींचा हिशेब केला तर साडेतीन टनांच्या पुढे जातो. त्यातला निम्मा आमच्या भाताच्या पेंढ्यावर निघतो. उरलेल्यासाठी वीस-वीस किलोचे शंभरेक भारे तरी गवत हवंच, आणि गवताचा डोंगर आमचा नाही. तो आमच्या नात्यातल्या एका चाचांचा. अब्बा तो अर्धेलीने करत: कापायचं, बांधायचं, वाहायचं आम्ही आणि गवत निम्मं-निम्मं. मजुरी आमची. हा सगळा व्यवहार तोंडी.

त्या वर्षी मी चाचांकडे गेले. त्यांनी चहा पाजला, अब्बांसाठी दुआ केली आणि मग अटी सांगितल्या. ओढ्याकाठचं मऊ गवत त्यांचं, वाटणी फक्त वरच्या उताराची. त्यातूनही आधी दहा भारे त्यांच्या राबासाठी बाजूला काढायचे. (भाताची रोपं करण्यापूर्वी जमीन भाजायला आमच्याकडे पालापाचोळा आणि गवत जाळतात, तो राब.) कापणी कधी सुरू करायची ते तेच सांगणार. आणि कागदावर काही लिहायचं नाही.

अब्बांना जाऊन चाळीस दिवसही झाले नव्हते. मी मान डोलावून घरी आले.

चाचांनी निरोप पाठवला तेव्हा त्यांची स्वतःची भातकापणी, झोडणी सगळं उरकलं होतं. तोवर वरच्या उताराला कुसळ पिकलं होतं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, कुसळाचं बी बारीक भाल्यासारखं असतं. कपड्यात घुसलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. कातकरी मजूर बायकांच्या पोटऱ्या रक्ताळल्या. संध्याकाळी त्यांच्या हातावर पैसे ठेवताना मला वर बघवेना. गवत म्हशींनी नाइलाजाने खाल्लं. जानेवारीत एकीच्या हिरड्यांत कुसळं रुतलेली सापडली, अम्मीने कंदिलाच्या उजेडात ती एकेक करून काढली. दूध निम्म्यावर आलं. चाचांच्या गोठ्यात मात्र ओढ्याकाठचं गवत होतं.

दुसऱ्या वर्षी कापणीच्या आधी मी मशिदीच्या मौलानांना पडद्याआडून मसला विचारला. खरं सांगायचं तर मला मसला नको होता, हत्यार हवं होतं. पाणी, गवत आणि आग यांत माणसं एकमेकांची भागीदार आहेत, अशा अर्थाची हदीस मला ठाऊक होती. गवत चाचांनी पेरलं नव्हतं, मग त्यांची मालकी कसली? मौलाना हसले. म्हणाले, "मालकीच्या जमिनीत आपोआप उगवलेल्या गवताबद्दल इमामांत मतभेद आहेत. ही हदीस घेऊन चाचांच्या दारात जाऊ नकोस, भांडण होईल." मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. हजरत राफे बिन खदीज (रजि.) यांच्या रिवायतीत येतं की, मदिन्यात काही लोक जमीन कसायला देताना पाण्याच्या पाटालगतचं पीक स्वतःसाठी राखून ठेवत. कधी ते पीक हाती लागे आणि दुसरं बुडे, कधी उलट. हुजूर (सल्ल.) यांनी अशा व्यवहाराला मनाई केली. वाटा घ्यायचा तर सगळ्याचा घ्यावा, चांगला तुकडा आधी काढून नव्हे.

ओढ्याकाठचं गवत माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. चौदाशे वर्षांपूर्वीही मालक पाण्याकाठचंच मागत होते तर!

मी ते चाचांना सांगितलं, आणि चुकीच्या सुरात सांगितलं. वर्गात सांगते तसं. चाचा उठून उभे राहिले. "चार बुकं शिकलीस म्हणून मला दीन शिकवतेस? तुझ्या नानांनी आमची जमीन गिळली, आता तू डोंगर गिळायला आलीस!"

माझे नाना त्यांच्या वडिलांचं कूळ होते, हे मला माहीत होतं. कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 ही तारीख ठरवली आणि कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. आमची भातखाचरं नानांच्या नावावर लागली ती त्यातूनच. आमच्या घरी ती गोष्ट नेहमी आनंदाने सांगितली जाते. त्याच दिवसाची आठवण चाचांच्या घरी कशी सांगत असतील, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. कायदा बरोबरच होता, आजही मी तेच म्हणेन. नानांनी पिढ्यानपिढ्या ती खाचरं कसली होती. पण चाचा कागदाला का घाबरतात ते मला त्या दिवशी समजलं. तलाठ्याकडे आमचं नाव लागेल, सातबाऱ्यावर कूळ चढेल, हीच धास्ती.

आठवड्याने मी कागद घेऊनच गेले. माझ्या अक्षरात, वर उर्दूत आणि खाली मराठीत लिहिलं होतं: या डोंगराचं यंदाचं गवत मी अर्ध्या वाट्याने कापून नेत आहे. जमिनीवर माझा कसलाही हक्क नाही आणि कूळ म्हणून मी कधी दावा करणार नाही. खाली माझी सही. चाचांनी चष्मा लावून दोन्ही भाषांत वाचलं. काही बोलले नाहीत. कागद घडी करून ट्रंकेत ठेवला आणि म्हणाले, "सगळा डोंगर निम्मा. ओढ्याचाही. पण राबाचे दहा भारे माझे."

दहा भारे मी सोडले. मौलानांना ते पटलं नसतं, म्हणून विचारलं नाही.

वाटणीची रीत मात्र मी ठरवली. ढीग दोन करायचे मी, आणि निवडायचा त्यांनी. खैबरच्या खजुरांचा अंदाज काढणारे हजरत अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.) तिथल्या बागायतदारांपुढेच निवड ठेवत, ती गोष्ट मी मुलांना शिकवली होती. चाचा छत्री टेकत डोंगरावर आले. दोन्ही ढिगांतल्या पेंड्या हातात घेऊन तोलल्या, एक सोडून आतली कुसळं पाहिली आणि अर्ध्या तासाने डावा ढीग घेतला. जाता जाता म्हणाले, "उजव्यातल्या पेंड्या घट्ट बांधल्यात." खरंच होतं ते. तो ढीग बांधणाऱ्या बाईचा हात भारी होता. पुढच्या वर्षापासून दोन्ही ढिगांत सगळ्यांच्या पेंड्या मिसळून टाकू लागले.

चौथ्या वर्षी फेब्रुवारीत वणवा आला. आम्ही आमचं गवत गोठ्याच्या माळ्यावर भरून टाकलं होतं. चाचांची गंजी डोंगराच्या पायथ्यालाच होती, ती रात्रीत राख झाली. सकाळी त्यांच्या नातवाने निरोप आणला: गवत दोघांचं होतं, तेव्हा जळालेलंही दोघांचं. मी उसळले. वाटणी झाल्यावर कसलं दोघांचं? त्यांनीच तर डावा ढीग निवडला होता! अम्मी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "त्यांच्याकडे दोन बैल आहेत. बैलांनी कुठला ढीग निवडला होता?"

वीस भारे पाठवले. मे महिन्यात आम्हाला पेंढा विकत घ्यावा लागला, तो पैसा माझ्या पगारातून गेला. चाचांनी शुक्रियाचा निरोपही पाठवला नाही. कापणीची तारीख मात्र त्या वर्षापासून आम्हाला विचारून ठरते, कुसळ कोवळं असतानाच.

यंदा त्यांचे गुडघे फारच दुखत होते. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले, दगडावर बसले आणि मला म्हणाले, "तूच निवड आता." मी उजवा ढीग म्हटलं. त्यांनी डोळे बारीक करून दोन्हीकडे पाहिलं.

"नको, उजवा मला दे," ते म्हणाले. "आणि राबाचे दहा भारे विसरू नकोस."