पावासाठी कोणता गहू दळशील?

जबलपूर

चि. सोनू,

घरघंटी परत करू नकोस. पाव विटेसारखा बसला, यात तिचा काही दोष नाही. तू खपली दळलीस. खपली गुणाची आहे, खिरीला तर दुसरा गहू मला चालतच नाही. पण तिच्या कणकेचा चिकटपणा दुबळा असतो. यीस्टनं तयार केलेला वायू ती धरून ठेवू शकत नाही, म्हणून पाव चढत नाही. बन्सीचं वेगळं. त्याची कणीक घट्ट होते, पण ताणली की तुटते. तो रव्याचा, शेवयांचा गहू. तू पोळीचाच चांगला गहू घे, लोकवन किंवा आमच्याकडचा शरबती. सीहोर-विदिशाकडच्या शरबतीला 2023 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय.

घरी दळण्याचं मोल मला इथेच वाटतं. पिठाच्या पिशवीत कोणता गहू आहे हे कळत नाही. डब्यात गहू असला की तो कुठला, कोणत्या जातीचा, हे आपण ठरवतो.

आमच्या या भागात पूर्वी मऊ पिस्सी आणि कडक कठिया असे दोन्ही गहू व्हायचे. जबलपूर-नरसिंहपूरकडची हवेली पद्धत तुला कुणी सांगितली नसेल. काळ्या जमिनीला उंच बांध घालायचे आणि पावसाळाभर शेतात पाणी कोंडून ठेवायचं. तण आतल्या आत कुजायचं, ओल खोल जिरायची. ऑक्टोबरच्या सुमारास बांध फोडून पाणी सोडलं की त्या ओलीवरच गहू-हरभरा पेरायचा. पुढे वेगळं पाणी द्यावं लागत नसे. गहू आणि हरभरा एकत्र पेरला की त्याला बिर्रा म्हणत. 1870 मध्ये मुंबईची आणि कलकत्त्याची रेल्वे जबलपुरात येऊन मिळाली. मग नर्मदाखोऱ्यातला गहू मुंबई बंदरातून विलायतेला जाऊ लागला आणि तिथल्या भट्ट्यांत त्याचा पाव होऊ लागला. ज्या मातीच्या गव्हाचे परक्यांनी पाव भाजले, तिथल्या आपल्या घरात पाव मात्र बेकरीतूनच आणायचा, हे मला पटत नाही. आता त्या बांधांच्या शेतांत भात आणि मटार दिसतात. पिस्सी मला तरी कुठे मिळत नाही, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता दळण्याचं. गहू निवडून खडखडीत वाळलेला घे, ओलसर असला तर जाळी भरते. सगळ्यात बारीक जाळी लाव. पीठ हाताला गरम लागलं तर थांब, यंत्र निवू दे. चाळून कोंडा काढायचा नाही. दाण्यात कोंडा साधारण 14 टक्के आणि अंकुर दोन-तीन टक्के. तेवढंच काढून टाकायचं असेल तर मैदाच आणावा. अंकुरात तेल असतं, म्हणून असं पीठ लवकर खवट होतं. पीठ आठवडे मुरवून वापरण्याचा सल्ला तुला कुणी दिलाय, तो मैद्यासाठी ठीक आहे. तू लागेल तेवढंच दळ, उरलं तर फ्रीजमध्ये ठेव.

पाणी मात्र सढळ हातानं घाल. कोंडा पाणी पितो, आणि सावकाश पितो. 500 ग्रॅम पिठाला 400 मिली पाण्यानं सुरुवात कर आणि नुसतं कालवून अर्धा-पाऊण तास झाकून ठेव. मीठ आणि यीस्ट त्यानंतर. कोंड्याच्या कडा कणकेचे तंतू कापतात, त्या भिजून मऊ झाल्या की पाव चांगला चढतो. कणीक हाताला चिकटेल. कोरडं पीठ घालायचा मोह आवर, हात ओले करून मळ. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा मी माठातलं पाणी घेते आणि यीस्ट कमी करते. पुण्यात तुला तेवढी गरज पडणार नाही. पाव साच्यातच लाव, आणि निवल्याशिवाय कापू नकोस.

जातं आणावं का, असंही विचारलंयस. नको. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यांत माहेराइतकेच कष्टही भरलेले आहेत. त्या गाण्यांचं मोल मानावं, पण पहाटे उठून दळण्याचा तो भार पुन्हा कुणा बाईच्या खांद्यावर पडू नये असंच मला वाटतं. वीज आहे, घरघंटी आहे, दळ.

पुढच्या आठवड्यात आमच्या शेजारचे पुण्याला येतायत. त्यांच्याबरोबर पाच किलो शरबती आणि किलोभर हरभरे पाठवते. दळताना गव्हात दहावा हिस्सा हरभरा घाल, त्याहून जास्त नको, पाव जड होईल. पहिला पाव साध्या गव्हाचाच कर म्हणजे फरक कळेल. कसा झाला ते लिही, आणि किती पाणी लागलं तेही.

आईबाबांना नमस्कार.

तुझी
मावशी